श्रमिकाच्या घरातील मोठा पडदा

२०२५ च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबर रोजी, वस्तू व सेवा कराचे नवे दर देशभर लागू झाले आणि बत्तीस इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला. ऐन दसरा-दिवाळीच्या तोंडावर जनतेला दिलेली भेट म्हणून या सवलतीचा गाजावाजा झाला. भेटीचा हिशेब मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. बत्तीस इंच व त्याहून लहान संचांवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के कर होता; त्यामुळे लहान संचाच्या गिऱ्हाइकाला नव्या दराने एक पैचाही लाभ झाला नाही. कराआधी दहा हजार रुपये किंमत असलेल्या संचावर १८०० रुपये कर होता, तो १८०० च राहिला. पन्नास हजारांच्या संचावर मात्र १४ हजारांचा कर ९ हजारांवर आला. गरजेपुरते घेणारा आणि हौसेने मोठे घेणारा यांच्यात कररचनेने सुमारे पावणेसात वर्षे जो थोडाफार भेद राखला होता, तोही पुसला गेला. आता मोठाच संच घ्या, असे बाजार सांगत होताच. त्या सांगण्याला सरकारी मुद्राही मिळाली.

सोलापूरसारख्या श्रमिकांच्या शहरात हा प्रश्न दुकानाच्या काचेआड राहत नाही. या शहरातील हजारो स्त्रिया विड्या वळतात, हजारो पुरुष यंत्रमागावर चादरी व टॉवेल विणतात. कुंभारीच्या माळावर कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार विडी कामगारांची घरे उभी राहिली व २००६ साली ती तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांच्या हवाली झाली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आकाराला आली. त्यांतील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. ही घरे कोणाच्या कृपेने मिळालेली नाहीत. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी वर्षानुवर्षे जे लढे दिले, त्यांचे ते फळ आहे. आयुष्यात प्रथमच स्वतःची भिंत लाभलेले कुटुंब त्या भिंतीवर काय लावावे याचा विचार करणारच, आणि दिवाळीचा बोनस हाती पडला की तो विचार मोठ्या पडद्याशी जाऊन थांबतो.

या ठिकाणी पुरोगामी चळवळीतील अनेकांची भूमिका तोकडी पडते. ‘चंगळवाद’ हा एक शब्द उच्चारला की आपले कर्तव्य संपले, असे त्यांना वाटते. वस्तुतः श्रमिकाच्या हौसेला नाक मुरडण्याचा अधिकार समाजवादाने कोणालाही दिलेला नाही. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास स्वतःसाठी, या मागणीवर जगभरच्या कामगारांनी रक्त सांडले. त्या तिसऱ्या आठ तासांत चित्रपट येतो, खेळ येतो, मुलांबरोबरचे हसणेही येते. डॉ. राममनोहर लोहिया यांनी खर्चावर मर्यादा घालण्याची मागणी केली, ती वरच्या थरातील उधळपट्टीला आवर घालण्यासाठी. गिरणगावातल्या माणसाला वैराग्य शिकवण्यासाठी नव्हे. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ ज्या समाजाच्या जगण्यातून निघाले, त्या समाजाने ते तळहाताएवढ्या मोबाइलवर पाहावेत आणि बंगल्यांतील प्रेक्षकांनी भिंतभर पाहावेत, ही वाटणी कोणाही समाजवाद्याला मान्य होण्याजोगी नाही. मोठ्या पडद्याची इच्छा न्याय्य आहे. त्या इच्छेवर कोण धंदा करतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढाच खरा वादाचा विषय आहे.

दूरचित्रवाणी या देशात खाजगी हौसेची वस्तू म्हणून वाढावी, असे काही विधिलिखित नव्हते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शिक्षणाचा जो मोठा प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले. कर्नाटकातील विजापूर व गुलबर्गा या सोलापूरच्या शेजारी जिल्ह्यांतील खेडी त्यात होती. हे संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याने तयार केले होते. संच गावाचा, पाहणारे सारे गाव, आणि दाखवावयाचे ते शेती, आरोग्य व शिक्षण यांविषयीचे, अशी ती कल्पना होती. तीत दोष पुष्कळ होते, सरकारी प्रचारही होता. तो काळ आणीबाणीचा होता हे विसरता येत नाही. तरीही पडदा सर्वांचा असू शकतो, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. पुढे १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि चित्र पालटले. त्याच वर्षी नेमलेल्या डॉ. पूरनचंद्र जोशी कार्यगटाने दूरचित्रवाणीच्या शहरी, उच्चभ्रू कलावर टीका केली व तिला भारतीय व्यक्तिमत्त्व असावे असा आग्रह धरला. अहवाल कपाटात गेला आणि संच चावडीवरून दिवाणखान्यात गेला. ‘काय दाखवावे’ हा सार्वजनिक प्रश्न मागे पडून ‘कोणता संच घ्यावा’ हा खाजगी प्रश्न तेवढा उरला.

तो खाजगी प्रश्नही कामगाराला नीट सोडवू दिला जात नाही. विक्रेता इंच मोजतो आणि जाहिरात चित्रबिंदू मोजते. घराची खोली कोणीच मोजत नाही. परवडणाऱ्या घरांच्या २०१५ च्या केंद्रीय योजनेत दुर्बल घटकांच्या घराचे चटईक्षेत्र तीस चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वातीनशे चौरस फुटांपर्यंत होते. अशा घरात पाहणारा आणि पडदा यांच्यात सहा-सात फुटांहून अधिक अंतर क्वचितच मिळते. चित्रपटासाठी रूढ असलेला ठोकताळा असा की, हे अंतर पडद्याच्या कर्णाच्या सुमारे १.६ पट असावे. सोप्या हिशेबात, अंतराचे जितके फूट, त्यांची साडेसात पट म्हणजे पडद्याचे इंच. सहा फुटांवर ४५, सात फुटांवर ५२. म्हणजे ४३ ते ५० इंचांचा संच अशा घरात चित्रपटगृहाचा पुरेसा आनंद देतो. पासष्ट इंचांच्या संचाला जवळजवळ पावणेनऊ फूट अंतर हवे. ते घरात नसेल तर वाढीव पैसे देऊन मान दुखवून घेण्यापलीकडे काही साधत नाही.

चित्रबिंदूंच्या बाबतीतही असेच आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० चित्रबिंदू असतात, फोर-के पडद्यावर त्यांच्या चौपट, आणि एट-के पडद्यावर सोळापट. परंतु वर सांगितलेल्या अंतरावरून सर्वसाधारण दृष्टीच्या माणसाला फुल एचडी चित्रातील बिंदूच वेगळे दिसत नाहीत. मग त्यांच्या चौपटीचा किंवा सोळापटीचा फरक डोळ्याला जाणवणार कोठून? मोठ्या आकारात बहुतेक संच फोर-केच येतात, तेव्हा ते घेण्यात तोटा नाही. पण एट-केसाठी एक रुपयाही अधिक देऊ नये. चित्रपटाची खरी खुमारी काळ्या रंगाच्या खोलीत आणि छाया-प्रकाशाच्या भेदात असते. दुकानातील झगझगीत प्रकाशात तो भेद दिसत नाही, म्हणून दिवे मंद करून रात्रीचा प्रसंग पाहण्याचा आग्रह धरावा. ‘एचडीआर’ हे अक्षर खोक्यावर छापलेले असले, तरी पडद्यात पुरेसे तेज नसेल तर ते नावापुरतेच ठरते. आणि जेथे सहा माणसे दाटीवाटीने, काही खाटेवर तर काही जमिनीवर बसतात, तेथे पडदा बाजूने व खालून कसा दिसतो हे तपासलेच पाहिजे. समोरून देखणे दिसणारे कित्येक पडदे कडेला बसलेल्याला फिके दिसतात.

विडी वळणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तर आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, आणि तिचा विचार कोणत्याही जाहिरातीत आढळत नाही. तिचे घर हाच तिचा कारखाना असतो. डोळे पानावर आणि बोटे दोऱ्यावर असतात. दिवसभर ती दूरचित्रवाणी पाहत नाही, ऐकते. तेलुगू चित्रपट असो वा मराठी मालिका, तिच्यापर्यंत पोचतो तो आवाज. आजचे संच पाठीमागे इतके सपाट झाले आहेत की चांगल्या ध्वनिवर्धकाला आत जागाच उरलेली नाही. दहा इंच अधिक घेण्याऐवजी तेच पैसे बाहेरच्या बऱ्या ध्वनिवर्धकावर खर्च झाले, तर तिच्या श्रमाच्या तासांना खरी सोबत मिळेल. घरातल्या वस्तूची निवड ज्यांच्या कष्टावर होते त्यांना विचारून व्हावी, हा लोकशाहीचा साधा नियम घरालाही लागू आहे.

मुलांचा हट्ट खेळांसाठी असतो. त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. पण त्या हट्टाच्या नावाखाली काय विकले जाते ते समजून घ्यावे. सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्याचा उपयोग तेवढी चित्रे पुरवणारे महागडे खेळयंत्र घरात असेल तरच होतो. मुले मोबाइलवरचेच खेळ पडद्यावर घेणार असतील, तर साठ वेळा बदलणारा पडदा पुरेसा आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतचा विलंब कमी करणारी ‘गेम मोड’ची सोय मात्र असावी. याहून गंभीर बाब पैशावरच्या खेळांची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तोवर कित्येक श्रमिक घरांतील तरुणांची कमाई त्यांत बुडाली होती. खेळ आणि जुगार यांतील सीमा ओळखण्याचे शिक्षण कायद्याने होत नाही. ते वस्तीत, युवकांच्या बैठकांत द्यावे लागेल.

सर्वांत मोठा सापळा हप्त्यांचा आहे. ‘व्याज शून्य’ ही पाटी वाचून माणूस दुकानात शिरतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वातच नसते. व्याज कोठे तरी दडलेले असते: रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्त्याने घेणाऱ्याला नाकारली जाते, किंवा ‘प्रक्रिया शुल्क’ या नावाने ते वसूल होते. हजार विड्यांमागे ठरलेल्या दराने मजुरी मिळवणाऱ्या बाईचे उत्पन्न कामाचे दिवस घटले की घटते. हप्ता मात्र घटत नाही. आधीच बचत गटाचे आणि सूक्ष्म वित्त कंपन्यांचे हप्ते भरणाऱ्या घरावर तिसरा हप्ता पडला, की पहिल्यासाठी दुसरे आणि दुसऱ्यासाठी तिसरे कर्ज हे चक्र सुरू होते. पूर्वी सावकार दारात येत असे, आता त्याचा संदेश मोबाइलवर येतो.

शिवाय नव्या ‘स्मार्ट’ संचाचा मालक विकत घेणारा एकटा राहत नाही. घरात काय पाहिले जाते याची टिपणी ठेवून ती जाहिरातदारांना विकण्याची यंत्रणा अशा अनेक संचांत असते. अमेरिकेत सुमारे १ कोटी १० लाख संचांतून अशी माहिती प्रेक्षकांच्या संमतीविना गोळा केल्याच्या आरोपावरून व्हिझिओ या कंपनीला फेब्रुवारी २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. संच स्वस्त का मिळतो, याचे अर्धे उत्तर येथे आहे. खरेदीनंतर ‘सेटिंग’मध्ये जाऊन ही परवानगी बंद करणे शक्य असते; पण ते सांगणारा विक्रेता विरळा. कार्यकर्त्यांनी ते शिकून घ्यावे आणि घरोघर शिकवावे.

येथवर प्रश्न एकेका घराचा झाला. समाजवादी उत्तर त्यापुढे जाते. एका वसाहतीतील पन्नास कुटुंबांनी प्रत्येकी ४० हजारांचा संच हप्त्याने घेतला, तर त्या वसाहतीवर वीस लाखांचे कर्ज चढते. त्याच पन्नास कुटुंबांनी प्रत्येकी एक हजार रुपये काढले, तर पन्नास हजारांत समाजमंदिरासाठी एक उत्तम मोठा पडदा येतो, आणि घरी बातम्यांपुरता लहान संच पुरतो. त्या पडद्यावर रीतसर परवानगी घेऊन चित्रपट दाखवता येतील, क्रिकेटचे सामने सर्वांना मिळून पाहता येतील, सुट्टीच्या दिवशी मुलांच्या खेळांच्या स्पर्धा घेता येतील. चित्रपट संपल्यावर त्यावर बोलणारी माणसेही तेथेच जमलेली असतील. गणेशोत्सवासाठी वर्गणी काढणाऱ्या सोलापूरच्या मंडळांना आणि लढ्यासाठी पै-पै जमवणाऱ्या कामगार संघटनांना हे मुळीच अवघड नाही.

म्हणून दिवाळीपूर्वी प्रत्येक कामगार वस्तीत संघटनेच्या कार्यालयात खरेदीविषयी सल्ला देणारी एक बैठक व्हावी. हप्त्याचा करारनामा वाचून दाखवणारा एक कार्यकर्ता तेथे असावा. महानगरपालिकेने समाजमंदिरांत सामुदायिक पडदे बसवावेत, अशी मागणी पुढे रेटावी. आणि लहान संचावरील कर मोठ्या संचाहून कमी असलाच पाहिजे, हा आग्रह राज्य व केंद्र या दोन्ही पातळ्यांवर धरला जावा. ज्या कामगारांनी संघटनेच्या बळावर माळरानावर हजारो घरे उभी केली, त्यांना एक सामायिक पडदा उभा करणे कठीण नाही. त्यासाठी पहिली वर्गणी याच हंगामात, बोनसची रक्कम दुकानदाराच्या गल्ल्यात पडण्यापूर्वी, गोळा झाली पाहिजे.