लाखोळीची डाळ आणि पायाचा निरोप

मैत्रिणींनो, भंडारा-गोंदियाकडे माहेर असलेल्यांना लाखोळीची डाळ काय सांगायची! धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाख फेकायची. पुढे ना पाणी, ना खत. आमच्या बेसा भागातही शेजारणींकडे माहेरची पिशवी येते आणि मग ठरलेला प्रश्न, "का हो ताई, ही खाल्ली की पाय जातात म्हणे?"

खरं सांगू? जातात, पण कसे आणि कुणाचे हे समजून घ्यायला हवं.

मी दुपारी बारावीच्या मुलींना मानसशास्त्र शिकवते. चेतासंस्थेच्या धड्यात मेंदूच्या भागांची नावं त्या घडाघडा म्हणतात. पण पाय उचलायचा हुकूम पायापर्यंत पोचतो कसा, असं विचारलं की गप्प! मग मी ही डाळच पुढे करते.

हुकूम निघतो मेंदूच्या वरच्या थरातून. तिथल्या चेतापेशीचा लांबच लांब धागा मानेच्या वर बाजू बदलतो आणि पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत उतरतो. (मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की उजवा हात-पाय जातो, तो यामुळेच.) खाली दुसरी पेशी निरोप घेऊन मांडी-पोटरीच्या स्नायूंना पोचवते. गंमत म्हणजे दोन पेशींमध्ये बारीकशी फट असते. एक पेशी तिथे रसायन सोडते, दुसरी ते झेलते. अशा निरोप्यांतला एक मोठा म्हणजे ग्लुटामेट.

लाखोळीत ओडॅप नावाचं द्रव्य असतं, त्याची घडण ग्लुटामेटसारखी. पेशी फसते, निरोप आला समजून सारखी चेतवली जाते आणि शेवटी मरते, असं शास्त्रज्ञ मानतात. मरते ती मुख्यतः वरची, पहिली पेशी. खालची जिवंत असते, पण तिला आवरणारं कुणी उरत नाही. म्हणून पाय लुळे न पडता ताठ होतात. माणूस गुडघ्याला गुडघा घासत, चवड्यांवर, काठी टेकत चालतो. डोकं शाबूत, पायाला चिमटा काढला तर कळतोही! मेलेली पेशी मात्र परत उगवत नाही, त्यामुळे हे पांगळेपण जन्माचं. आयुर्वेदातलं 'कलायखंज' ते हेच, डॉक्टर लॅथिरिझम म्हणतात.

आता, कुणाचे पाय जातात? ज्यांच्या ताटात दोन-तीन महिने दुसरं फारसं काहीच नसतं, त्यांचे. दुष्काळात बाकी पिकं करपतात, लाख तेवढी तगते. मध्य प्रदेशात रेव्याकडे वेठबिगारांना मजुरीच या डाळीत मिळायची, आणि तरणेताठे गडी काठीवर आले. डाळीला नावं ठेवताना ही मजुरी कुणी आठवत नाही, याचा मला राग येतो बाई.

केंद्राने 1961 मध्ये विक्रीवर बंदी आणली, महाराष्ट्राने ती 2008 मध्ये उठवली. रतन, प्रतीक, महातिवडा ही कमी ओडॅपची वाणंही निघाली आहेत. तेव्हा कधीमधी लाखोळीचे वडे केलेत तर धास्ती नको. रोजचं वरण मात्र हिचंच नको. तूर, मूग, हरभरा आलटून पालटून असू द्या.

शिजवताना डाळ गरम पाण्यात भिजवा, ते पाणी ओतून द्या. मग भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी काढा. ओडॅप पाण्यात विरघळतं. सगळं नाही, पण बरंच जातं. कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजवली तर बरंचसं आतच राहतं.

तुरीच्या डाळीत भेसळीची शंका आली तर मूठभर ताटात पसरून बघा. तुरीचा दाणा गोलसर, लाखेचा चौकोनी आणि एका बाजूला उतरता. विकतच्या बेसनात मात्र डोळ्यांना काही कळत नाही. म्हणून मी हरभऱ्याची डाळ निवडून गिरणीतून दळून आणते.