चाकांवरचे घर, सर्वांची वाळू

अमेरिकेत पुष्कळ माणसे गाडीतच संसार मांडून बारमाही राहतात. कोणी हौसेने, कोणी घरभाडे झेपत नाही म्हणून. चूल, बिछाना, संडास सारे गाडीत. मैल्याची टाकी मात्र ठरलेल्या जागी ज्याची त्याने रिकामी करायची. त्यासाठी तिथे वेगळी जात नाही!

ओरेगॉन राज्यात अशी मित्रमंडळी दोन-तीन गाड्या घेऊन १०१ क्रमांकाच्या रस्त्याने समुद्रकाठची गावे पाहत जातात. सरकारी तळावर सलग १४ रात्रींपुढे मुक्काम नाही. तळाच्या देखरेखीत हात लावणाऱ्यांना मात्र जागा फुकट मिळते.

न्यूपोर्टला १८७३ साली पेटलेला दीपस्तंभ आहे. पण थांबावे ते कॅनन बीचला. १९६६ साली तिथल्या एका मोटेल-मालकाने वाळूवर कुंपण घातले : आत फक्त आमचे पाहुणे! लोक खवळले. १९६७ साली कायदाच झाला. राज्याच्या साऱ्या किनाऱ्यावर, झाडोरा लागेपर्यंतची वाळू सर्वांना मोकळी. आज मोटेलातला पाहुणा जिथे बसतो, तिथेच गाडीत राहणारी म्हातारी मैत्रिणींबरोबर शिदोरी सोडते. कोणी उठ म्हणत नाही.