व्हॅल्युअर व्हा, पण सोयीचा आकडा लिहू नका

सिव्हिल इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा नगररचनेची पदवी घेऊन काही वर्षे साईटवर घालवलेल्या तरुणांना माझे आवाहन आहे. जमीन आणि इमारतींचे नोंदणीकृत मूल्यांकनकार, म्हणजे सगळे ज्यांना व्हॅल्युअर म्हणतात ते होण्याचा विचार मनावर घ्या. भावाभावांची वाटणी असो, बँकेचे कर्ज असो, नाहीतर वडिलोपार्जित घर विकताना करासाठी 1 एप्रिल 2001 रोजीची किंमत काढायची असो, कुणा तरी जबाबदार माणसाला आकडा लिहून त्याखाली सही करावी लागते. जाणत्या आणि निर्भीड सह्यांची आपल्याकडे गरज आहे.

वाट अवघड नाही, पण पायऱ्या गाळता येत नाहीत. कंपनी कायदा 2013 च्या कलम 247 आणि त्याखालच्या 2017 च्या नियमांनुसार ही नोंदणी होते. ती भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ, म्हणजे आयबीबीआय देते. पदवीनंतर त्याच क्षेत्रातला 5 वर्षांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर शिक्षण असेल तर 3 वर्षांचा. मंडळाने मान्यता दिलेल्या मूल्यांकनकार संस्थेचे सदस्य व्हायचे, तिचा 50 तासांचा अभ्यासक्रम पुरा करायचा आणि मग संगणकावरची परीक्षा द्यायची. उत्तीर्ण व्हायला 60 टक्के गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, तेव्हा अंदाजपंचे खुणा करून भागत नाही. एक ध्यानात ठेवा: बँकांचे पॅनेल वेगळे असते, आयकराच्या कामाची नोंदणीही वेगळी. कुठले काम करायचे ते ठरवून त्याप्रमाणे अर्ज करा.

परीक्षा पास झालात म्हणजे काम आले असे समजू नका. अनुभवी व्हॅल्युअरच्या हाताखाली राहा. सातबारा हाती आला की नुसते नाव आणि क्षेत्र बघून थांबू नका. ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा आहे का, कुळाचे नाव आहे का, हे वाचा. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची आहे का, हेही बघा. शहरात प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. मग जागेवर जा आणि स्वतः टेप लावा. नकाशात पार्किंग दाखवलेल्या जागी दुकान उघडलेले असेल, तर ते अहवालात लिहिलेच पाहिजे.

हिशेब कसा चालतो ते एका उदाहरणाने सांगतो. 1,000 चौरस फुटांचे 20 वर्षांचे जुने घर आहे. तसेच नवे बांधायला आज फुटाला 2,000 रुपये लागतात असे धरू. म्हणजे 20 लाख. इमारतीचे आयुष्य 60 वर्षे आणि शेवटी उरणारे मोल 10 टक्के धरले, तर घसारा 30 टक्के, म्हणजे 6 लाख. बांधकामाची किंमत उरली 14 लाख. जमिनीची त्यात वेगळी मिळवायची. गणित शाळकरी पोराला जमेल. कस लागतो तो दर, आयुष्य आणि जमिनीचा भाव ठरवताना. तिथे रेडी रेकनरवर विसंबू नका. तो तक्ता मुद्रांक शुल्कासाठी आहे. त्याच परिसरातल्या अलीकडच्या खरेदीखतांच्या सूची 2 च्या नकला काढा आणि रस्ता, कोपरा, मजला यांचे फरक हिशेबात धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. या व्यवसायात पहिल्या महिन्यापासून एक वाक्य कानावर पडेल: “साहेब, तेवढं साठ लाखांचं बसवा, कर्ज होऊन जाईल.” बोलणारा ओळखीचा असेल, पुढची कामे देणाराही असेल. नाही म्हणा, आणि तिथल्या तिथेच म्हणा. फुगवलेल्या आकड्यावर मिळालेले कर्ज शेवटी त्याच कुटुंबाच्या मानेवर बसते. हप्ते थकून घर लिलावात गेले की खरी किंमत उघडी पडते, आणि उरलेली बाकी फेडत बसावे लागते.

कायद्यानेही इथे मोकळीक ठेवलेली नाही. नियमांसोबतच्या आचारसंहितेत सोयीचे मूल्यांकन करायला स्पष्ट मनाई आहे. ज्या मालमत्तेत तुमचा हितसंबंध आहे तिचे मूल्यांकन करता येत नाही. नेमणुकीआधीची 3 आणि मूल्यांकनानंतरची 3 वर्षेही या बंधनात येतात. फसवण्याच्या हेतूने कलम 247 मोडले तर दंडासोबत वर्षभरापर्यंत कैदही होऊ शकते. म्हणून फी आधी लेखी ठरवा, ती कधीही निघणाऱ्या आकड्याच्या टक्क्यांवर घेऊ नका, आणि मोजमापे, फोटो, कागद जपून ठेवा.

गणित आणि नियम मेहनतीने येतात. ज्याला नाही म्हणता येते, त्याने या व्यवसायात जरूर यावे. ज्याला ते जमणार नाही, त्याने कृपा करून दुसरे काम बघावे.