काळी गाडी, पांढरं आभाळ

मित्राने काळी गाडी घेतली आणि उल्हासनगरच्या गल्लीत भर दुपारी मला फोटो काढायला लावले. फोटोत गाडी कमी. बोनेटवर उमटलेल्या विजेच्या तारा, दुकानांच्या पाट्या आणि पोट सावरत उभा असलेला मीच जास्त! काळा रंग म्हणजे आरसा, समोर जे असेल ते दाखवणारच. म्हणून रविवारी बदलापूरहून बारवी धरणाचा रस्ता धरला. सूर्य मलंगगडाच्या रांगेआड गेला की थोडा वेळ आभाळ एकसारखं उजळ राहतं, तेवढ्यात उरकायचं. मोबाइल जवळ नेला की बंपर गालफुगी झाल्यासारखा सुजतो. त्यापेक्षा दहा-बारा पावलं मागे सरून दुप्पट झूम बरा. गुडघे टेकून कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला आणायचा, आणि पुढची चाकं अशी वळवायची की टायरची नक्षी नव्हे, रिम दिसावी. काचेवरची चकाकी पोलरायझर फिरवून बरीच मारता येते, क्रोमची मात्र नाही. मागे अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर हवं, हा मित्राचा हट्ट मी मोडून काढला. त्या शिल्पांपुढे गाडीकडे बघणार कोण? एवढं करून त्याने स्टेटसला ठेवला तो वहिनींनी काढलेला, लिंबू-मिरची बांधतानाचा, जरा हललेला फोटो.