गोळी थांबली, तपासणी थांबवू नका



स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होते, केमो होते, शेक होतात. त्यानंतर रोज एक गोळी सुरू होते, ती पाच वर्षे, कुणाला दहा वर्षे. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, "बाई, आता गोळी बंद." घरच्यांना आनंद होतो, पण त्या बाईच्या पोटात गोळा येतो. "इतकी वर्षं या गोळीनं राखलं, आता कोण राखणार?" हा प्रश्न आपल्या परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या वस्त्यांतल्या बायका दबक्या आवाजात विचारतात. त्याचे उत्तर मोकळेपणाने द्यायला हवे.

ज्या गाठीचा रिपोर्ट 'ईआर पॉझिटिव्ह' येतो, ती गाठ अंगातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसते. टॅमोक्सिफेनची गोळी या हार्मोनला गाठीच्या पेशीच्या दारातच अडवते. पाळी गेलेल्या बायकांना मिळणारी लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल अंगात ते हार्मोनच कमी तयार होऊ देते.

गोळी थांबली म्हणून तिचा गुण त्याच दिवशी संपत नाही. 2011 साली हजारो बायकांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. पाच वर्षे टॅमोक्सिफेन घेतलेल्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू पंधरा वर्षांपर्यंत सुमारे एकतृतीयांशाने कमी राहिले. 2012 साली 12,894 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांऐवजी दहा वर्षे गोळी घेतल्यास आजार परतण्याचे प्रमाण आणखी घटते, पण गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, असे त्यात दिसले. म्हणून शेजारणीला दहा वर्षे आणि मला पाचच का, अशी तुलना करू नये. गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, वय, हाडे हे सारे पाहून डॉक्टर मुदत ठरवतात.

मात्र अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात म्हणून मनानेच गोळी सोडू नये. डॉक्टरांना सांगावे, गोळी बदलून मिळू शकते.

मुदत संपल्यावर टॅमोक्सिफेनचा अंश काही आठवडे अंगात राहतो. वाफा आणि सांधेदुखी हळूहळू कमी होते. लेट्रोझोलने हाडे विरळ होतात, म्हणून हाडांच्या तपासणीबद्दल विचारावे. तरुण बाईची पाळी पुन्हा सुरू होऊ शकते, मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. आणखी एक. लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलवरून आणून घेऊ नये. तीही हार्मोनचीच असते.

हा आजार बऱ्याच वर्षांनीही परतू शकतो. ऑपरेशनच्या जागी, काखेत किंवा दुसऱ्या स्तनात गाठ लागली, हाडाचे दुखणे आठवडे उलटले तरी हटले नाही, दम लागला, कावीळ दिसली किंवा पाळी गेल्यावर रक्त गेले, तर तारखेची वाट पाहू नये. काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा मॅमोग्राफी करावीच.

इथेच आपली घरे चुकतात. गोळी बंद झाली म्हणजे बाई बरी झाली, आता कशाला रोज बुडवायचा, गाडीभाडे घालवायचे, असा हिशेब होतो. एके काळी याच बाईसाठी आपण रात्रीच्या देवगिरीने मुंबईला टाटा हॉस्पिटल गाठले, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत दिवस काढले. आता वर्षातला एक दिवस जड का व्हावा? छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तपासण्या जवळ कुठे होतील, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

जन्म कारकुनीत गेला, म्हणून एक कारकुनी सल्ला देतो. एका वहीत ऑपरेशनची तारीख, गोळीचे नाव, ती कधी सुरू झाली, कधी थांबली आणि पुढची तपासणी कधी, हे लिहून ठेवा. केसपेपर आणि रिपोर्ट त्याच पिशवीत ठेवा. आणि ती तारीख बाईने एकटीने लक्षात ठेवायची नाही. नवऱ्याने, मुलाने, सुनेने ठेवायची आणि तिच्यासोबत जायचे.