ग्राफीन इथेही होईल, आधी पदं भरा




सातारा-सांगलीकडची मुलं पीएच.डी. संपली की कोरियाची वाट धरतात, इथे कुणाला थांबायचंच नसतं, असा सूर हल्ली सत्कार समारंभांतही लागतो. शाल-श्रीफळ देता देता टोमणा मारायचा, ही आपली जुनी सवय. थांबायचं ते नेमकं कुठे, हे मात्र वक्ते सांगत नाहीत.

ही मुलं ज्यांच्या मागे असतात, त्या ग्राफीन आणि तसल्या एक-दोन अणूंच्या जाडीच्या पदार्थांवरचं काम महागड्या यंत्रांशिवाय होत नाही, हा समज अर्धाच खरा. २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलून ग्राफीन वेगळं केलं. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गाइम शुक्रवारी संध्याकाळी नेहमीचं काम बाजूला सारून असले उद्योग करत. चिकटपट्टी विट्याच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळते. मोकळी संध्याकाळ आणि दरमहा पगार मात्र सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, प्राध्यापकाला मिळत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या थिन फिल्मच्या प्रयोगशाळांनी तर केमिकल बाथ आणि सिलार यांसारख्या स्वस्त पद्धतींवर, म्हणजे बीकर आणि रसायनांच्या जोरावर, सुपरकपॅसिटरपर्यंत मजल मारली. नमुन्यांची रामन किंवा टीईएम तपासणी बाहेरून करून आणता येते. पैसे जातात, वाट बघावी लागते, पण काम होतं. अडतं ते पदापाशी.

नेट-जेआरएफ अधिछात्रवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याला २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. तोच पीएच.डी. होऊन शिकवू लागला की तासावर मानधन, आणि तास नसेल तेव्हा तेही नाही. शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा मार्गदर्शक कायम नोकरीतलाच लागतो. म्हणजे ज्याचा विषय ताजा, त्यालाच विद्यार्थी घेता येत नाहीत! बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांसाठी मुलांनी आंदोलनं केली, ती रास्तच होती. पण त्या अधिछात्रवृत्त्या पीएच.डी.साठी आहेत. त्यानंतरच्या वर्षांचं काय?

संशोधन आयसरसारख्या केंद्रीय संस्थांनी करावं, महाविद्यालयांनी शिकवावं, असं काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. आयसरला आणि कोरियाला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांचे हात पहिल्यांदा काळे होतात ते इथल्याच एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये. ग्राफीन ऑक्साइड धुता धुता ज्याने सेंट्रीफ्यूजसमोर कधी दिवस घालवला नाही, तो शिक्षक या मुलांना काय दाखवणार?

साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आहे. राज्य शासनाने तिथे तीन-तीन वर्षांची पोस्ट-डॉक्टरल पदं द्यावीत: आठवड्याचे दोन दिवस शिकवणं, बाकी प्रयोगशाळा. सांगलीत विलिंग्डन आणि वालचंद महाविद्यालयांतही अशी दोन-चार पदं सहज रुजतील. मात्र ती रिक्त सहायक प्राध्यापकपदांच्या बदल्यात नकोत. त्या जागा वेगळ्या भरायलाच हव्यात, नाहीतर तीन वर्षांनी हाच उमेदवार पुन्हा सीएचबीच्या मुलाखतीला उभा असेल.

– एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, कराड