हौद बुजवू नये

यंदा जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात मागच्या अंगणातील हौदातले सात कोई मासे मेले, हे आता सर्वांना ठाऊक आहे. अकरांपैकी चार उरले. त्यानंतर हौद बुजवून तिथे फरशी घालावी अशी सूचना पुढे आली आहे. काही पालकांनी ती लेखी दिली असून विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत ती विचारासाठी येणार आहे. हौदाची देखभाल करणारे आम्ही शिक्षक आणि पालक या सूचनेच्या विरोधात आहोत. पण आमचे मत मांडण्यापूर्वी घडले काय ते सरळ सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण चूक आमची होती.

सुट्टीत हौदात शेवाळ माजले होते. शाळा उघडण्यापूर्वी सर्व लख्ख दिसावे म्हणून आम्ही तो पूर्ण रिकामा केला, भिंती घासल्या, फिल्टरमधला स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला आणि त्याच दिवशी नळाच्या पाण्याने हौद भरून मासे परत सोडले. शिवाय बाजारातून आणलेले तीन नवे मासेही लगेच त्यात सोडले. शाळा उघडल्यावर मुलांनी कौतुकाने भरपूर खाणे टाकले. चौथ्या दिवशी सकाळी मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसले.

तेव्हा आम्ही काय केले? ‘रोग आला’ असे ठरवून टाकले. कोणी निळे औषध आणले, कोणी पोटॅशियम परमँगनेट. हौदात पाणी किती लिटर आहे याचा हिशेब न करता दोन्ही अंदाजाने टाकले. त्याहून वाईट म्हणजे, खाणे टाकण्याची पाळी असलेल्या सातवीच्या मुलांना बोलावून ‘तुम्ही काय टाकलेत?’ असे विचारले. त्यातली एक मुलगी दोन दिवस जेवली नाही, असे तिच्या आईने नंतर सांगितले.

पाणी तपासण्याची साधी पेटी आणून पाहिली ती सात मासे गेल्यावर. पाण्यात अमोनिया फार वाढलेला होता. मग सर्व उलगडा झाला.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात येत असतो. उरलेले खाणे कुजले की त्यात भर पडते. हौदाच्या भिंतींवर आणि फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशांना विषारी असतात, तिसरे त्या मानाने निरुपद्रवी. या जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या शहराला आजवा सरोवर आणि मही नदीवरून येणारे पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेले असते. आपल्या पोटासाठी ते हवेच, पण तोच क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि हे उपकारक जिवाणू मारतो. म्हणजे आम्ही घाण समजून जे धुऊन काढले, तेच माशांचे रक्षण करत होते. वर टाकलेल्या औषधांनी उरलेसुरले जिवाणूही संपवले असावेत. उन्हाळ्याच्या गरम पाण्यात अमोनियाचे विष अधिक तीव्र होते आणि प्राणवायूही कमी राहतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलीग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातावर येतो. रात्री शेवाळही प्राणवायू घेते, म्हणून मासे पहाटे धापा टाकतात.

सारांश, मासे रोगाने मेले नाहीत आणि मुलांच्या हातूनही मेले नाहीत. सातवीच्या त्या मुलांची आम्ही वर्गात जाऊन माफी मागितली आहे. येथेही सर्वांसमक्ष पुन्हा मागतो.

आणखी एक कबुली. आपला हौद १२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि ३ फूट खोल आहे. म्हणजे २८८ घनफूट, सुमारे ८,१०० लिटर. पूर्ण वाढलेल्या एका कोईला ढोबळ मानाने हजार लिटर पाणी लागते. त्या हिशेबाने अकरा मासे जास्तच होते. जपानच्या निइगाता भागातील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात साध्या कार्प माशांतून रंगीत मासे निवडून ही जात वाढवली. १९१४ सालच्या टोकियोच्या प्रदर्शनानंतर तिचा बोलबाला झाला. हा मासा दोन फुटांपर्यंत वाढतो आणि अनेक वर्षे जगतो. बोटभर लांबीचे पिल्लू पाहून आम्ही संख्या ठरवली, ही आमची हाव.

आता हौद बुजवावा असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे पाहू. डास होतात, हा पहिला. साचलेल्या पाण्यात डास होतात हे खरे, पण पाणी पंपाने हलते राहिले आणि त्यात मासे असले तर अळ्या टिकत नाहीत. लहान मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा मात्र आम्हाला पूर्ण मान्य आहे. कठडा उंच करावा आणि वर जाळी बसवावी. खंड्या आणि ढोकरीपासून माशांनाही त्याचा उपयोग होईल. खर्चाचे म्हणाल तर नवे मासे घ्यायचेच नाहीत, असे आमचे मत आहे. आहेत ते चार पुरेत.

‘उरलेले मासे सुरसागरात सोडून द्या, पुण्य लागेल,’ असेही एकाने सुचवले. भावना चांगली, पण कृती चुकीची. कार्प मासा तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो आणि पाणवनस्पती उपटतो. शिवाय माशांसोबत रोगही जातात. २००३ साली जपानच्या कासुमिगाउरा सरोवरात कोई हर्पिस विषाणूने पाळीव कार्प मोठ्या संख्येने मेले. घरच्या काचपेटीतले मासे तलावात सोडणाऱ्या पालकांनीही हे ध्यानात घ्यावे. आपण पाळलेला जीव आपणच सांभाळायचा असतो.

हौद राहावा, पण तो शिस्तीने राहावा. मासे अस्वस्थ दिसले तर आधी पाणी तपासायचे, औषध नंतर. ते आधीच ठरलेले असले म्हणजे घाबरून काहीबाही केले जात नाही. अमोनिया वाढलेला दिसला की खाणे बंद करावे, पंपाची धार उंचावरून पाडावी आणि पाचवा हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी एक दिवस उघड्या टाकीत ठेवलेले असावे किंवा त्यात विज्ञान शिक्षकांच्या देखरेखीखाली सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटोग्राफरांचा ‘हायपो’, मोजून घातलेला असावा. फिल्टरचा स्पंज हौदातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच खळबळावा, नळाखाली कधीही नाही. खाणे पाच मिनिटांत संपेल एवढेच. कधी नवा मासा आलाच, तर तीन आठवडे वेगळ्या टाकीत. आणि अंगावर पांढरे ठिपके किंवा दोऱ्यासारखे परजीवी दिसले तरच, जाणकाराला विचारून, लिटरचा हिशेब करून औषध.

या सगळ्यासाठी एक वही हवी. दर सोमवारी आठवीच्या मुलांनी तापमान, पीएच आणि अमोनिया यांची नोंद करावी. सुट्टीतली पाळी आम्ही मोठ्यांनी वाटून घ्यावी. जूनमधले संकट अचानक आले असे आम्ही सर्वांना सांगत होतो. वही असती तर पाण्याचा बिघाड दुसऱ्या दिवशीच कागदावर दिसला असता. आम्ही पाहिले नाही, म्हणून ते अचानक वाटले.

विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे की या वहीसाठी एक वर्षाची मुदत द्यावी. वर्षअखेरीस वही बैठकीत मांडू. नोंदी अपुऱ्या निघाल्या तर चारही मासे नीट सांभाळू शकेल अशा जागी देऊन हौद बुजवण्याच्या ठरावाला आम्ही स्वतः अनुमोदन देऊ.

पण आज तो बुजवला, तर मुले काय शिकतील? चूक झाली की ती जागा फरशीखाली झाकून टाकायची, हेच. त्या सातवीच्या मुलीला आम्ही दुसरे काही शिकवू इच्छितो. काय बिघडले ते शोधता येते, मोजता येते आणि पुढच्या वेळी टाळता येते. परवा ती आपणहून हौदापाशी आली आणि वहीचे पहिले पान आखून गेली. ते पान कोरे राहू नये, एवढेच आमचे मागणे आहे.